नऊशे बारा ओळी

नऊशे बारा ओळींची एकच फाइल होती माझी.
तिच्यात होडी होती, बर्फ होता, खलाशांची उचल,
सुरमईचा भाव, डिझेलची बिलं,
आणि तीनशे चाळिसाव्या ओळीवर
रात्री दोनला मीच मला लिहिलेली टीप:
इथे हात लावू नकोस.
का, ते आता आठवत नाही.

सरजेकोटच्या बर्फ कारखान्यात मी हिशोब ठेवते.
अमोनियाचा वास केसांत घेऊन घरी जाते.
लॅपटॉपखाली गोणपाटाचा तुकडा,
कारण इथे टेबलालाही घाम येतो.

मेल्बा तंत्रनिकेतनात शिकते, रविवारी येते.
फाइल वरून खाली, खालून वर सरकवून म्हणाली,
"मावशे, ही फाइल नाय, रापण आसा.
गावला ता सगळा भितुर!"

हसू आलं, कारण खरंच होतं.
पण रापण ओढून झाल्यावर
कोणी ती तशीच घरी नेत नाही.
वाळूवर बसतात बायका, पाय पसरून,
तारली इकडे, पेडवे तिकडे,
खेकडा उचलून परत पाण्यात,
आणि कुणाची तरी निळी चप्पल, एकच.

तशी बसले मी, आठ रात्री.
'होडी' नावाचा क्लास त्याच्या फाइलीत नेला:
नाव, इंजिन, मालक, किती दिवस बाहेर.
'लादी' बर्फाच्या फाइलीत. 'बोली' लिलावाच्या.
मग जिथे जे लागेल तिथे नाव घेऊन मागायचं,
बर्फाकडून फक्त लादी.
"सगळं दे" म्हणायला तारका असते एक,
ती मेल्बानं मला वापरू दिली नाही.

नवव्या रात्री होडी म्हणाली, आधी लिलाव आणा.
लिलाव म्हणाला, आधी होडी.
पडद्यावर लाल अक्षरं:
अर्धवट तयार झालेल्या मॉड्यूलमधून 'होडी' घेता येत नाही,
बहुधा वर्तुळाकार इम्पोर्टमुळे.

त्या 'बहुधा'पाशी मी बराच वेळ थांबले.
यंत्रही इतकं भीड धरून बोलतं?

आणि वर्तुळ तर ओळखीचंच.
हंगामाच्या पहिल्या आठवड्यात
मेल्बाचा बाप, बस्त्यांव फर्नांडिस, ह्याच दारात उभा असतो:
"आधी बरफ दी गो, मासळी इली की पैशे."
मालक आतून: "आधी पैशे, मगे बरफ."
होडी धक्क्याला बांधलेली,
आणि काढून ठेवलेली लादी मधे फरशीवर,
ना त्याची ना आमची,
पाणी होत.

ते सोडवायचा दिगू तांडेल.
त्याच्या खिशात एक वही असे, तेलकट,
तिला होडीतलं काही कळत नव्हतं, बर्फातलंही नाही.
नावं आणि आकडे, बस.
दोघंही वहीकडे बघायचे,
एकमेकांकडे बघावं लागत नसे.

मी 'खातं' नावाची तिसरी फाइल केली.
ती कुणाकडून काहीच मागत नाही.
होडी तिच्याकडून घेते, लिलाव तिच्याकडून घेतो.
हे मेल्बानं शिकवलं नव्हतं.
लाल अक्षरं गेली तेव्हा पहाटेचे चार,
बाहेर कुणीतरी जेटीवर खोकत होतं.

फोल्डरात एक रिकामी फाइलही आहे,
नावाच्या दोन्ही टोकांना दोन दोन रेघा.
मेल्बा म्हणते, हल्ली ती नसली तरी चालतं.
मी ठेवते.
एवढ्या सगळ्यात ती एकच,
जिच्यात माझी एकही चूक नाही.

सोमवारी बस्त्यांवसमोर प्रोग्राम चालवला.
पडद्यावर आलं: फर्नांडिस, बाकी अकरा लाद्या.
चष्मा कपाळावर चढवून त्यानं वाचलं, दोनदा.
"अकरा न्हय, नऊ.
दोन लाद्यो चढवताना फुटल्यो, तुमच्याच माणसाच्या हातसून.
त्येंका कोण मोजतलो?"

फुटलेल्या लादीसाठी माझ्याकडे क्लास नव्हता.
मी नवीन फाइल उघडली.
तिला नाव काय द्यावं, अजून ठरत नाही.